वेल्डशेजारचा ताण

सुदुंबऱ्याची स्नेहल तळेगावजवळच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायची. पोलादाच्या आत दडलेला ताण एक्स-रेनं मोजायचा, हे तिचं काम. पोलादात अणूंचे थर ठरावीक अंतरावर रचलेले असतात. ते ओढले गेले की अंतर बदलतं आणि आदळून परतणाऱ्या किरणांचा कोन सरकतो. त्या कोनावरून आतली ओढाताण कळते. वरून काहीच दिसत नाही.

जड साचे उचलायला क्रेनला टांगलेल्या पोलादी तुळईला तडा गेला होता. तो वेल्डिंग करून बुजवला. स्नेहलनं जोडाच्या कडेला यंत्र लावलं आणि आकडा बघून ती थेट मॅनेजर सुहास सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, वेल्डिंगनं जोडाशेजारचं पोलाद पार ताणून ठेवलंय. भट्टीत तापवून सावकाश थंड केल्याशिवाय ओझं लावू नका."

"भट्टी रिकामी नाही. चीर दिसते का कुठं?"

"अजून नाही, पण..."

"मग झालं तर. जरा बाजूला लावून बघ ना यंत्र."

"बाजूला चांगलंच रीडिंग येणार, सर. ताण जोडापाशी आहे."

"तेच म्हणतोय मी."

स्नेहलनं नकार दिला. सरांनी बाहेरच्या एजन्सीचा माणूस बोलावला. त्यानं जोडापासून वीतभर लांब मोजलं आणि तुळई पास झाली.

क्रेनखाली साचे बसवायला प्रितम होता. तिच्याच वस्तीतला, कंत्राटावर लागलेला. स्नेहलनं त्याला गाठलं.

"त्या तुळईखाली जाऊ नकोस, प्रितम. ती धड नाही."

"ताई, साचा बसवायला हात लावावाच लागतो. लांबून कसा बसंल?"

"मग हे काम करणार नाही म्हण."

तो हसला. "तुमी पर्मनंट हाय, ताई."

त्याच आठवड्यात तुळई वेल्डच्या कडेला तुटली. साचा प्रितमच्या पायावर आला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशीत ठरलं की चूक कामगाराची, तो ओझ्याखाली उभा होता. स्नेहलनं आपलं रीडिंग पुढं ठेवलं. सुहास सर शांतपणे म्हणाले, "वेल्डपाशी हे यंत्र चुकीचं दाखवतं, असं एजन्सीचं म्हणणं आहे." टेबलाभोवतीच्या माना हलल्या. पुढं नवी तुळई आली, तेव्हा मात्र ती आधी भट्टीत गेली.

प्रितमला दवाखान्यातून घरी सोडल्यावर स्नेहल त्याच्याकडं गेली. त्याची आई, अनितामावशी, दारातच तांदूळ निवडत बसली होती.

"जय भीम, मावशी."

मावशीनं वर पाहिलं नाही. स्नेहल उभी राहूनच सांगू लागली, "मी सरांना सांगितलं होतं, मावशी. त्यालाही सांगितलं होतं."

"ठाव हाय मला. घरी येऊन बोलला व्हता त्यो. म्हनला, ताई नगं म्हनत्यात, उद्या जात न्हाई." मावशीचे हात थांबले. "मीच धाडला त्याला. म्हनलं, तिचं काय जातंय? ती हापिसात बसती, तुझं काम गेलं तर काय ती देनार हाय?"

मावशी पुढं म्हणाली, "तू न्हाई बोलली असतीस तर बरं झालं असतं गं. मंग त्यो आपनहून गेला असता, मी तरी त्याला धाडला नसता."

आतून प्रितमनं हाक मारली, "आई, कोन आलंय?"

"कोन न्हाई," मावशी म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.