कोपरा फाडलेलं कार्ड

अप्पांची पत्रं क्रमवार लावायला मला सात महिने लागले. परळच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नमुन्यांना क्रमांक देण्यात गेली; निवृत्तीनंतर तेच काम घरी आलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, प्राध्यापक रघुवीर नाबर, गिरगावातल्या एका कॉलेजात संगीत शिकवायचे आणि गाण्यांना चाली लावायचे. आलेलं प्रत्येक पत्र आणि पाठवलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत त्यांनी जपून ठेवली होती. एकूण दोन हजार एकशे चौदा. दादरच्या एका संगीत संग्रहालयाला ती हवी होती.

त्यातली अकरा द्यायची नाहीत, असं अप्पांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

ती अकरा कालिंदी देशकरांना लिहिलेली होती. त्या अचलपूरला शाळेत शिकवायच्या. अप्पांच्या चांगल्या गाण्यांचे शब्द बहुतेक त्यांचेच. सगळा व्यवहार टपालाने. दोघं भेटले असतील दोनदा. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीपासून त्यांची उत्तरं येणं बंद झालं; ही अकरा त्यानंतरची. अकरातलं पहिलं पत्र तीन पानी आहे, त्यांच्या शब्दांवरच्या नव्या चालींचा कार्यक्रम कसा झाला ते सांगणारं, सोबत चालींची स्वरलिपी. शेवटचं तीन वर्षांनंतरचं. 'चाली आवडल्या नसतील तर तसं लिहा. गप्प राहू नका.' कार्बन इतका फिकट की ते मला खिडकीशी धरून वाचावं लागलं.

त्यानंतर अप्पांनी एकही चाल केली नाही. शिकवत राहिले, निवृत्त झाले, करी रोडच्या या तेविसाव्या मजल्यावर राहायला आले. आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत.

"माझं रडगाणं लोकांनी कशाला वाचायचं?" ते म्हणाले होते. "तिला नाही आवडल्या चाली. संपलं."

मीही ते संपलंच धरलं असतं. पण संग्रहालयातल्या रुचाने फोन केला. "मॅडम, पत्रावर हक्क लिहिणाऱ्याचा असतो. कालिंदीबाईंची पत्रं ठेवायची तर त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी लागेल."

शाळेतून पत्ता काढत मी त्यांच्या भाच्यापर्यंत पोचले. अनिश देशकर. मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला.

"परवानगीचं काही नाही, ताई, देतो. पण आत्या तर सत्त्याऐंशीतच गेली. पाच फेब्रुवारीला. मी सहावीत होतो. बाबांनी तिच्या वहीतल्या सगळ्या पत्त्यांवर कार्डं टाकली होती. तुमच्याकडेही आलं असेल."

"आणि नंतर आलेली पत्रं?"

"घर बंद होतं ना. सहा वर्षांनी उघडलं तर दाराच्या आत वाळवीने खाल्लेला ढीग. कागद होते एवढंच कळलं."

मी सत्त्याऐंशीची फाइल पुन्हा काढली. कार्ड नव्हतं. मग लक्षात आलं की ते तिथे असणारच नव्हतं. मृत्यूची बातमी आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. आमच्याकडे ते दारातच वाचायचं, लगेच फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची, हा नियम होता. घरात ठेवायचं नाही. दोन हजारांवर पत्रांत मृत्यूचं एकही कार्ड नाही, हे सात महिन्यांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जे होतं तेच मी मोजत बसले होते.

आई स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होती.

"आई, अचलपूरहून कार्ड आलं होतं?"

तिने विचारलं नाही, कुठलं. हातातली कोळंबी सोलून ताटलीत टाकली, दुसरी उचलली.

"दहा तारखेला. हे कॉलेजात होते. मी फाडलं, न्हाले."

"आणि सांगितलं नाहीस?"

"चौदाला कार्यक्रम होता, सुमेधा. चाळीस बायका वर्षभर तालमी करत होत्या. ऐकलं असतं तर हे उभे तरी राहिले असते का? म्हटलं, झाल्यावर सांगू. तर घरी आले ते हसत. चपलाही काढल्या नाहीत. म्हणाले, आधी कालिंदीला कळवतो. आणि बसलेच लिहायला." तिने कोळंबीचा दोरा ओढून काढला. "तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग रोज विचारायचे, टपाल आलं का. मी म्हणायची, नाही. ते काही खोटं नव्हतं."

"ते अजून समजतात की तिला चाली आवडल्या नाहीत."

"मला माहीत नाही?" तिने हात धुतले, दोनदा साबण लावला. "तू सांगू नकोस. मी सांगते. तू थांब इथे." दारापर्यंत गेली आणि वळली. "नाही, तू पण चल."

अप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. आईने सांगितलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून काही वाक्यं तिला मोठ्याने परत म्हणावी लागली. ते ऐकणं फार कठीण होतं.

अप्पांनी मला विचारलं, "माझं पहिलं पत्र किती तारखेचं?"

"चौदा फेब्रुवारी."

"म्हणजे एकही तिने वाचलं नाही."

"नाही."

"चाली तिच्यापर्यंत पोचल्याच नाहीत तर."

"अहो, बोला ना काहीतरी," आई म्हणाली. "ओरडा तरी."

"आता कुठे ओरडत बसू?" त्यांनी खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न केला. "गीझर लाव."

"आत्ता? सकाळी झालीय की अंघोळ."

"ही राहिलीय."

आईने गीझर लावला. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून न्हाणीघरात स्टूल ठेवलं, दार लोटून घेतलं आणि टॉवेल घेऊन बाहेर उभी राहिली. पाण्याचा आवाज सुरू झाला, मग थांबला.

"सुचित्रा," आतून अप्पा म्हणाले, "कार्डावर काय लिहिलं होतं?"

आईने दाराच्या चौकटीला हात लावला आणि सांगू लागली. वर उजवीकडे अचलपूर आणि तारीख. मायना नाही. मग वार, तिथी, वेळ, 'अल्पशा आजाराने'. दहाव्याचा दिवस. खाली भावाचं नाव. अडखळली नाही की आठवायला थांबली नाही.

मी टेबलावरची पेन्सिल घेतली आणि तिला म्हटलं, "आई, पुन्हा पहिल्यापासून सांग."