परातीतली कावीळ

रविवार उजाडला की चिखलोलीत गोदूबाईच्या ओट्यासमोर रिक्षांची रांग लागायची. एमआयडीसीतले पाळीवाले कामगार, उल्हासनगरचे सिंधी शेठ, बदलापूरच्या नव्या बिल्डिंगींतल्या शिकल्यासवरल्या बायका, सगळे पिवळे डोळे घेऊन हजर. त्या पावसाळ्यात पाणी बिघडलं होतं आणि घराघरात कावीळ शिरली होती. ओट्यावर बसायचा गोदूबाईचा धाकटा भाऊ भगवंत, कपाळभर शेंदूर फासून. पुढ्यात परात, परातीत चुन्याची निवळी, आरपार दिसेल अशी.

रोग्याचे हात आपल्या हातांत धरून तो परातीत चोळायचा आणि ओरडायचा, "उतर गो पिवले! डोल्यातनं उतर, नखातनं उतर, सातव्या हाडाला धरून बसलीस तीपन उतर!"

सातवं हाड कुठलं, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं कशाला? परातीतलं पाणी डोळ्यांदेखत हळदीसारखं व्हायचं. मग भगवंत दम भरायचा, "अमावस्या होईपर्यंत दवाखाना नाय. आनि हाताला साबन तर लावायचाच नाय. साबन लागला का उतरलेली परत चढते."

"रेटू नका रं!" गोदूबाई पदर खोचून रांग सांभाळायची. "माज्या भावाच्या हाताला यश हाय, ते पलून नाय जात." तिचा शब्द म्हणजे गावात दगडावरची रेघ. भावासाठी तिनं तोच शब्द टाकला होता.

तिचा नातू जयदेव आत वाकळीवर पडून होता. भगवंतानं त्याची दोनदा उतरवली, तरी पोराच्या पोटात पेजसुद्धा ठरत नव्हती. सून काशीनं डॉक्टरचं नाव काढलं, तर गोदूबाई कडाडली, "माज्या माहेरचा गुन दिसत नाय तुला?"

त्या रविवारी जयदेवला तिसऱ्यांदा ओट्यावर आणला. तेवढ्यात त्याची बहीण, चौथीतली जनी, साबणाची वडी घेऊन मधे उभी राहिली.

"मामाआजोबा, आदी तुमी हात धुवा."

"मी?"

"शालेतल्या उमाबाई सांगतात, आजाऱ्याला हात लावायच्या आदी आपले धुवायचे. नखाखालचे पन."

लोक हसले. भगवंत म्हणाला, "ए चिमुरडे, देवाच्या हाताला साबन लावतात काय?"

"देवाला तर रोज आंघोल घालतात."

गोदूबाईलाही हसू आलं. "धू रं भगवंता. पोरीचं मन राख. तुजं यश काय वाहून जातंय?"

भगवंत हसला नाही. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "साबनानं मंतर बाटतो, बाय."

गोदूबाईचं हसू विरलं. लहानपणी मडक्यातला गूळ खाल्ला की तो अस्साच हात लपवायचा. तिनं त्याचं मनगट ओढलं, तांब्या ओतला आणि स्वतः साबण चोळला.

फेस पिवळाधमक झाला.

मंतर म्हटला नव्हता. जयदेवला बोट लागलं नव्हतं. फेस पांढरा होईतो गोदूबाईनं ते हात घासले, परातीत ताजी निवळी ओतली आणि म्हणाली, "हां. आता उतरव."

त्यानं जयदेवचे हात चोळले. पाणी होतं तसंच. पोराचे डोळे मात्र पिवळेच.

"आजी, मामाआजोबांच्या नखातनं साल निघाली," जनी म्हणाली.

गोदूबाईनं अंगणातल्या आंब्याकडे पाहिलं. खोड एका बाजूनं खरवडलेलं होतं. त्यापायी तिनं शेजारच्या मोतीबाईच्या शेळ्यांचा उद्धार केला होता. ती उठली, आतली ओली साल खरवडून आपल्याच तळव्यांना चोळली आणि हात परातीत बुडवले. पाणी पिवळं! जन्मात कावीळ न झालेल्या म्हातारीच्या हातांतून!

"परक्यांना फसवलंस, ते तुजं तुज्यापाशी," ती भगवंताला म्हणाली. "हा माज्या लेकाचा लेक हाय रं. काय उतरत नाय, तुला ठावं व्हतं. तरी त्याला दवाखान्यात नेऊ दिला नाय?"

भगवंत खाली बघत पुटपुटला, "घरच्याची नाय उतरवली, तर लोकांनी इश्वास कसा ठेवला असता, बाय?"

गोदूबाईनं त्याच्याकडे पाठ फिरवली. रांगेतल्या रिक्षावाल्यानं जयदेवला उचलून रिक्षात बसवलं. काशी बसली, गोदूबाई बसली. अंबरनाथच्या डॉक्टरांनी पोराला सलाईन लावली आणि एवढंच विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?"

जयदेव वाचला. मंडळी, कावीळ बहुतेकांची विश्रांतीनं आपसूक उतरते, नाव मात्र भगताचं होतं. ज्याची उतरत नाही, त्यानं म्हणे पथ्य मोडलं! आंब्याच्या सालीचा रस चुन्याच्या पाण्यात, साबणातसुद्धा, पिवळा होतो, एवढीच त्या मंतराची करामत. हात चोळून कावीळ बाहेर येत नाही. न धुतलेल्या हातांनी ती पोटात मात्र जाते. तेव्हा पाणी उकळून प्या, पोरांना साबणानं हात धुवायला लावा. आणि कुणी चमत्कार दाखवायला बसला, तर आधी त्याला हात धुवायला सांगा.

ती परात आता गोदूबाईच्या मागच्या दारी असते, शेजारी साबणाची वडी. हात धुतल्याशिवाय पोराला भाकर मिळत नाही.

त्या भाऊबीजेला भगवंत नवं धोतर नेसून फाटकाशी आला. गोदूबाईनं पाट मांडला नाही. तबक घेऊन ती त्याच्या शेजारून अंगणात गेली आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं चंद्राला ओवाळलं.