गार पाण्याचा लाल नळ

जुलैत मस्कतजवळच्या सीबमधल्या आमच्या इमारतीत माणसं शोधावी लागतात. शाळांना सुट्टी लागली की कुटुंबंच्या कुटुंबं गावी जातात आणि मागे उरतात ती नवरेमंडळी, लिफ्टमध्ये बिनइस्त्रीच्या शर्टात भेटणारी. या वर्षी आम्हीही उरलो. मी आणि अंबरीश, दोघांनीही वर्षाची रजा जपून ठेवली होती. कुठल्याही दिवशी बोलावणं आलं असतं आणि आम्हाला महाराष्ट्रात जाऊन यशश्रीला आणायचं होतं.

यशश्री साडेपाच वर्षांची. घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी, एका संस्थेत राहते. चार वर्षं वाट पाहिल्यावर मार्चमध्ये तिचा फोटो आला आणि आम्ही दहा मिनिटांत होकार कळवला. त्यातली नऊ मिनिटं नेट चालत नव्हतं म्हणून गेली. मग कागद सुरू झाले, दूतावासाचे, पोलिसांचे, डॉक्टरांचे. आता फक्त कलेक्टर कचेरीतला आदेश राहिला होता. तिथे यशूला समोर बसवून विचारणार होते, या दोघांकडे जायचंय का. ती नाही म्हणाली तर विषय संपला. कागदावर वाचताना मला हे फार पटलं होतं. जसजशी तारीख जवळ यायला लागली तसतसं कमी पटायला लागलं.

मस्कतचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे, त्यामुळे यशू कायम आमच्या पुढे. मी शहरात, कुरुम भागात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. साडेदहाला पेशंटची नावं टाईप करताना मला कळायचं, तिथे बारा वाजले, ताटं मांडली असतील. दुपारी घरी आले की पडदे ओढून मी तिच्या खोलीतल्या गादीवर आडवी व्हायचे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत एसीची घरघर, पडद्यातून गाळून येणारा पिवळसर उजेड. अर्धवट झोपेत ती खोलीत फिरायची. कपाट उघडून बघायची, माझ्या पायाशी बसून मोजे काढायची, कुणाशी तरी हळू बोलायची. मी डोळे उघडायचे नाही, उघडले की जाईल म्हणून. आपल्याला वेड लागत चाललंय हे कळत होतं, पण इतकं सुखाचं वेड मला याआधी कधी लागलं नव्हतं.

संध्याकाळी अंबरीश आला की आम्ही समुद्रावर जायचो. हवा दमट, पाणी कोमट, वाळूत दिवसाची धग. बाकावर बसताना तो आमच्यात एका माणसाची जागा सोडून बसायचा. पहिल्यांदा मी विचारलं, काय रे, भांडण झालंय का आपलं. तो म्हणाला, सवय करतोय. नंतर मीही सरकून बसायला लागले. शेजारची सफूरा खाबुरा नावाच्या गावाहून आलेल्या अर्धपिकल्या खजुरांचा डबा द्यायची, तो आम्ही मधल्या जागेत ठेवायचो. पाणी काळं होईपर्यंत आम्ही तिच्या शाळेबद्दल, केसांबद्दल, ती भात खाईल की पोळी याबद्दल बोलत राहायचो. त्या दिवसांत आम्ही फार कमी ठिकाणी खरोखर हजर होतो.

संस्थेच्या मॅडमनी सांगितलं होतं, घराचे छोटे व्हिडिओ पाठवा, मुलीला सवय होते. हे काम अंबरीशने अंगावर घेतलं. तो एसी दुरुस्तीचा सुपरवायझर, आणि कुठलीही गोष्ट समोरच्याला समजावून सांगितल्याशिवाय त्याला जेवण पचत नाही. दार कसं उघडतं, लिफ्ट कशी बोलवायची, एसीचं बटण कुठलं. यशू ते पुन्हा पुन्हा बघते असं कळलं तेव्हा तर त्याला पंखच फुटले. मग त्याने बाथरूमचा व्हिडिओ केला.

इथे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की नळाचं साधं पाणी चटका देतं. म्हणून सगळे जण गीझर बंद करून टाकतात. गीझर घराच्या आत, थंडाव्यात. त्यात साठलेलं पाणी निवतं, आणि उन्हाळाभर आम्ही गरम पाण्याच्या नळाखाली गार होतो. इतकी वर्षं झाली, त्यात विशेष काही आहे हेच आम्ही विसरलो होतो.

"यशू, ही बघ आपल्या घरची गंमत," अंबरीश कॅमेऱ्यात सांगतोय. "लाल नळ गार, निळा नळ गरम. हात धुवायचे तर नेहमी लाल. ठेवशील लक्षात?" मागून मी हसतेय, तेही ऐकू येतं.

तिने लक्षात ठेवलं. पाचव्या दिवशी मॅडमचा फोन आला. संस्थेत लाल नळाला सोलरचं पाणी, सकाळी कढत असतं. यशूने लाल नळ पूर्ण सोडला आणि खाली हात धरला. उजव्या हाताची तीन बोटं, फोड आलेत, डॉक्टरांनी मलम दिलंय, घाबरण्यासारखं नाही. मग मॅडम म्हणाल्या, "यापुढे व्हिडिओ आधी मला दाखवत जा." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

मी अंबरीशवर तुटून पडले. "सगळ्या जगाला समजवायचा ठेका घेतलायस ना तू? पाच वर्षांच्या पोरीला उलटे नळ शिकवतोस? एवढी चार वर्षं थांबलो ते हिचा हात भाजायला?" आणखीही बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. मग बाथरूममध्ये जाऊन दोन्ही नळांवर त्याने कागद चिकटवला, त्यावर काहीच न लिहिता.

दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर यशूशी बोलणं व्हायचं, तसा पुढच्या शुक्रवारीही फोन लावला. यशू आली नाही. रखमाबाई म्हणून तिथल्या जुन्या मावशी आहेत, त्यांनी फोन तिच्याकडे नेला तर ती भिंतीकडे तोंड करून बसली. कलेक्टर कचेरीची तारीख अकरा दिवसांवर होती. ती रागावली आहे, तिथे नाही म्हणणार, आणि तिचं बरोबर आहे, असं मी त्या दुपारी तिच्याच गादीवर पडून ठरवून टाकलं. डोळे मिटून बराच वेळ पडले, खोलीत कुणी आलं नाही.

संध्याकाळी सफूरा चहा घेऊन आली. ती रत्नागिरीकडची, नवऱ्याचं सीबच्या बाजारात कापडाचं दुकान. "मुद्दाम केलंत काय तुम्ही?" तिने विचारलं. "मग तसं सांगा ना पोरीला. आणि पूर्वा, तू नवऱ्यावर ओरडायचं खलास कर आता. माझ्या किचनपर्यंत ऐकू येतं."

मला यशूला बाहुल्या, पडद्यावरची फुलपाखरं असलं काही दाखवून गोडीत घ्यायचं होतं. अंबरीश नको म्हणाला. भिंतीसमोर खुर्ची ठेवून बसला आणि कॅमेऱ्यात बोलला. "यशू, चूक माझी झाली. लाल नळ गार असतो तो फक्त इथे, फक्त उन्हाळ्यात. हे मी सांगितलंच नाही. तुझा हात माझ्यामुळे भाजला. पूर्वा मला खूप ओरडली, मला ओरडायलाच हवं होतं." मॅडमनी तो व्हिडिओ बघून तिला दाखवला. यशूने शेवटपर्यंत पाहिला, एवढंच कळलं.

तारखेच्या दिवशी, मंगळवारी, आम्ही दोघं दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, गाडीत एसी लावून बसलो होतो. साडेनऊला फोन वाजला. रखमाबाई कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात होत्या. "बोलायचं म्हणतीया," असं म्हणून त्यांनी फोन खाली नेला.

यशूच्या केसांना घट्ट दोन वेण्या होत्या. तिने हात कॅमेऱ्यापुढे धरला. बोटांवर गुलाबी, नवी कातडी.

"मी नळ चुकीचा उघडला," ती म्हणाली. "आता नाही उघडणार. रखमामावशीला विचारा."

अकरा दिवस ही पोर आमच्यावर रागावली आहे असं आम्ही धरून चाललो होतो, आणि ती तिथे भिंतीकडे बघत बसली होती, कारण आपल्याकडून चुकलं, आता हे लोक आपल्याला नेणार नाहीत, असं तिला वाटत होतं. मागून रखमाबाई हळूच म्हणाल्या, "गेल्या साली एका पोराला नेलं आन महिन्यात परत आणून सोडलं. तवापासून समदी पोरं दबून ऱ्हातात."

"यशू, चूक माझी होती बाळा," अंबरीश म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही यांना ओरडलात?"

"हो," मी म्हणाले.

"खूप?"

"खूप."

"मग घालवलं नाही?"

एवढी चार वर्षं मी या मुलीशी काय काय बोलायचं ते मनात घोकत होते. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. "नाही गं. राग आला म्हणून घरातल्या माणसाला घालवतात का? मी ओरडले, मग आम्ही जेवलो."

तिने फोन जवळ ओढला. "मला पण ओरडाल?"

मॅडमनी बजावलं होतं, आदेश होईपर्यंत मुलीला कसलंही वचन देऊ नका. "ओरडेन," मी म्हणाले. "मला राग लवकर येतो, तुला आत्ताच सांगून ठेवते. पण तुला परत नाही पाठवणार. काहीही कर, नाही पाठवणार."

आतून कुणीतरी नाव पुकारलं आणि फोन बंद झाला.

पार्किंगमधलं ऊन पांढरं होतं. समोरच्या गाड्या, खजुराची झाडं, रस्त्यापलीकडची दुकानं पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. आम्ही हात धरून बसलो. मला वाटलं, तिथे दीड तास पुढे सगळं कधीच ठरून गेलंय, फक्त आमच्यापर्यंत पोचायचंय.

वीस मिनिटांनी रखमाबाईंचाच फोन आला. त्यांना धाप लागली होती.

"कलेक्टर बाईसायबांनी इचारलं, जायाचं का यांच्याकडं. तर पोरगी म्हणती, आई लई ओरडती. बाईसायब लिवता लिवता थांबल्या. मी म्हणलं, झालं, आता काय खरं न्हाई. मग म्हणती, पण घालवत न्हाई. मला तिकडंच जायाचं."