शेहेचाळीस नंबरचं तेल

पाइप खाली यायला लागला तेव्हा लिव्हरला कुणाचाच हात लागलेला नव्हता.

निदान मुलीचं म्हणणं तसं होतं. ती छोट्या एक्सकॅव्हेटरच्या सीटवर होती. बकेटला पट्ट्याने सिमेंटचा जाडजूड पाइप टांगलेला होता आणि खाली चरात तिचा नवरा गुडघे टेकून पाइपाखालची माती हाताने सारखी करत होता. काठावर तिचे वडील उभे होते. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. चाळीस वर्षं असली यंत्रं चालवून गुडघे गेले तेव्हा त्यांनी सीट मुलीला दिली होती, देखरेख मात्र स्वतःकडे ठेवली होती.

"अगं, वर घे जरा," नवरा म्हणाला.

"मी कुठे खाली घेतलाय?"

तेवढ्यात पाइप टेकला. नवऱ्याने हिसडा मारून हात काढला. मुलीने लिव्हर ओढला, पाइप वर गेला. मातीत हातमोजा राहिला होता, पाचही बोटं कागदासारखी चपटी झालेली. तिघंही त्या मोज्याकडे बघत राहिली.

नवरा वर येऊन काठावर बसला. "सकाळी चहात साखर कमी आहे म्हणालो," तो म्हणाला, "त्याचा एवढा राग?"

कुणी हसलं नाही. त्याचं त्यालाही हसू आलं नाही.

"कोपर लागलं असेल," वस्ताद म्हणाले.

"नाही लागलं, बाबा."

"तुझ्या लक्षात आलं नसेल. होतं असं."

मुलीने आपल्या कोपराकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मग तिने पाइप बाजूला जमिनीवर ठेवला, इंजिन बंद केलं आणि किल्ली वडिलांच्या हातात दिली. "मग मी नाही बसत. यांचा हात गेला असता. दुसरा ऑपरेटर बघा."

नवरा-बायको घरी गेली. वस्ताद मागे राहिले. पोरीचा हात किती हलका, हे त्यांना ठाऊक होतं. ती बकेटने अंडं उचलून ठेवेल, असं तेच लोकांना सांगत. कुठे चुकली ते तिला दाखवावं म्हणून ते कण्हत सीटवर चढले. पाइप वर उचलला, शेजारच्या खांबावर त्याच्या उंचीला खडूने रेघ मारून आले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले.

पाइप खाली येत होता. आवाज नाही, झटका नाही. चार मिनिटांत तो रेघेखाली वीतभर आला.

वस्तादांनी पाइप जमिनीवर टेकवला आणि इंजिन बंद केलं.

असल्या यंत्रात सगळं बळ तेलाचं असतं. पंप तेल ढकलतो, तेल सिलिंडरचा दांडा ढकलतं आणि लोखंडाचा हात वर उचलला जातो. तो वर टिकतो तोही कोंडलेल्या तेलावर. मध मुठीत धरला तर हळूहळू ओघळतो, पाणी धरलं तर बघता बघता मूठ रिकामी. तेलाचंही तसंच. झिजलेल्या रबरी सिलांमधून दाट तेल सहसा निसटत नाही, पातळ निसटतं. शिवाय ऊन चढलं, यंत्र तापलं की सगळीच तेलं आणखी पातळ होतात. म्हणून थंडीला पातळ बत्तीस नंबर, उन्हाळ्याला दाट शेहेचाळीस. हे वस्तादांनीच मुलीला शिकवलं होतं. सकाळच्या गारव्यात पाइप जागचा हलला नव्हता आणि दुपारी हलला, म्हणजे दुसरं काय असणार?

आणि परवाच तेल बदललं होतं.

दुकानात दोन ड्रम शेजारी शेजारी होते, तेल दोन्हींत मधाच्याच रंगाचं. नंबर भिंतीकडच्या बाजूला होते. "थांबा, ड्रम फिरवून दाखवतो," दुकानदार म्हणाला होता. वस्तादांनी एका तोटीचा थेंब अंगठ्यावर घेतला आणि बोटाने चोळला. "कशाला फिरवतोस? हेच शेहेचाळीस." चाळीस वर्षं ते असंच ओळखत आले होते.

ते शेडमध्ये गेले. गेल्या वर्षीचा कंपनीचा सीलबंद डबा तिथे होता. त्यावर शेहेचाळीस छापलेलं होतं. परवाचं सुटं तेलही कॅनमध्ये उरलं होतं. त्यांनी एका हाताच्या बोटांवर हे घेतलं, दुसऱ्यावर ते. डोळे मिटून चोळलं.

दोन्ही सारखंच.

मग त्यांनी खिडकीची जुनी काच भिंतीला तिरकी टेकवली आणि वरच्या कडेला दोन थेंब ठेवले. सुट्या तेलाचा थेंब सरळ खाली धावला आणि काठावरून टपकलासुद्धा. डब्यातला अजून अर्ध्या वाटेवर होता. आंधळ्यालासुद्धा कळावं इतका फरक होता. वस्तादांनी बोटं पुन्हा चोळली, जोरात चोळली. बोटं काहीच बोलेनात.

संध्याकाळी मुलगी ओट्यापाशी भाजी चिरत होती. वस्ताद उंबऱ्यातच उभे राहिले.

"तुझं कोपर नव्हतं. तेल पातळ होतं, आणि ते मी निवडलं."

तिने सुरी खाली ठेवली. त्यांनी खांबावरची रेघ सांगितली, काच सांगितली. "बोटांना कळेनासं झालंय गं. उद्या सगळं तेल काढून टाकू. दुकानात नंबर तू वाच, मी नुसता ऐकीन. सीट तुझीच आहे."

मुलगी मटकन स्टुलावर बसली. "कधीपासून, बाबा?"

"कळत नाही, हेच मला कळलं नाही बघ."

तिची नजर त्यांच्या बोटांवर गेली आणि तिथेच थांबली. या घरात आणखी एक काम वस्तादांच्या हाताचं होतं. नवरा-बायको कामावरून चिखलाने भरून येत, म्हणून चार वर्षांच्या नातीच्या अंघोळीचं पाणी रोज आजोबा काढत. महिनाभर पोरगी अंघोळीला रडत होती. "आजोबा, भाजतंय." वस्ताद बादलीत हात घालून म्हणत, "कोमट तर आहे. नाटकी कुठली." सगळे हसत. परवा तर आईने तिच्या पाठीत धपाटाही घातला होता.

"आजचं पाणी काढलंत?"

वस्तादांनी होकारार्थी मान हलवली.

ती न्हाणीघराकडे धावली. बादलीत कोपर बुडवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडला. बादली भरली, वाहायला लागली, तरी तिने तो बंद केला नाही. वस्ताद दाराशी आपले ओले नसलेले हात पंच्याने पुसत राहिले.

नात टॉवेल गुंडाळून आली. तिने आधी आजोबांकडे पाहिलं, मग बादलीकडे, आणि आईला हळूच विचारलं,

"आज पाणी तू बघितलंस ना?"