पिवळ्याची धास्ती

मी कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरकडून साचा येतो, मी मेण ओतते, दात बसवते, घासते, चमकवते. बावीस वर्षं झाली. माझ्या हातचे दात घालून किती जण कुणाकुणाकडे बघून हसत असतील, देव जाणे. हे सांगायचं कारण एवढंच की माझा उजवा हात थरथरणाऱ्यातला नाही. केसाएवढी फट असली तरी त्याला कळते. आणि ह्याच हातानं एका रविवारी सकाळी माझ्या सख्ख्या बहिणीच्या दिशेनं बाण सोडला. मी सोडला नव्हता, हातानं सोडला.

नाकं मुरडू नका, आधी ऐका. तिरंदाजीत टार्गेटच्या मधोमध पिवळा गोल असतो. दोरी हनुवटीपर्यंत ओढायची, पिवळ्यावर नेम धरायचा, क्षणभर थांबायचं आणि मग सोडायचं. मला ते थांबणंच जमेना झालं. पिवळा नजरेत आला रे आला की बोटं आपोआप उघडायची. आधी दहातून एकदा, मग तीनातून एकदा, मग दरवेळी. ह्याला टार्गेट पॅनिक म्हणतात. आमच्या क्लबात म्हणतात पिवळ्याची धास्ती. कुणाला झाली असं कळलं की बाकीचे जरा लांब उभे राहतात, जशी काही लागण होणार आहे.

त्या रविवारी सगळे टार्गेटवरून आपापले बाण काढायला गेले होते. लोक पुढे असताना धनुष्य हातात घ्यायचं नाही, स्टँडला टांगायचं, हा नियम. नव्या लोकांना तो मीच ओरडून सांगायचे. पण माझ्या सुपीक डोक्यात आलं, आत्ता सोडायची वेळच नाही, मग धास्ती कसली? आत्ता नुसतं धरून बघू, पिवळ्यावर थांबता येतंय का. अगदी टोकाच्या टार्गेटवर, तिथं तर कुणीच नव्हतं. बाण न लावता दोरी सुटली तर धनुष्य तडकतं, म्हणून बाण लावला. बघा, धनुष्याची काळजी होती मला!

पिवळा दिसला. बोटं उघडली. आणि त्याच वेळी माझी धाकटी बहीण त्या टार्गेटच्या मागून, गवतात हरवलेला बाण शोधून, बाहेर आली.

बाण टार्गेटच्या लाकडी पायात घुसला, तिच्या कोपरापासून दोन विती अंतरावर. ती ओरडली नाही. तिनं बाणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हातातले बाण खाली ठेवले आणि फाटकातून सरळ घरी गेली.

मैदान सांभाळतात ते ड्रायव्हरकाका. तीस वर्षं बस चालवली त्यांनी, आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, दोन महिने इकडे फिरकू नका. मग या आणि सहा बाण ओढून दाखवा. शिट्टी माझी. एक वाजली तर सोडायचा. दोन वाजल्या तर तसाच खाली उतरवायचा. शिट्टीआधी एक जरी सुटला तर क्लबाचं कार्ड टेबलावर ठेवून जायचं. कायमचं."

"आणि नेम?"

"नेमाचं काय लोणचं घालायचंय मला?"

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे ना मग. ह्या वयात दुसरं काहीतरी शीक." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. दुसरं काय शिकू? दिवसभर मान खाली घालून परक्यांचे दात घासायचे, घरी येऊन स्वयंपाक करायचा, आणि आठवड्यात एक सकाळ मान वर करून लांबवर बघायचं. तेवढी एक सकाळ माझी होती. ती गेली असती तर मी नक्की वेडी झाले असते. आणि ती परत मिळाली तरी बहीण परत येईल का, हा प्रश्न त्याहून वाईट होता. रात्री डोळा लागला की ते कोपर दिसायचं.

ह्या धास्तीवर एक जुना उपाय सांगतात, हात बदलायचा. उजव्याला खोड लागली असेल तर डाव्यानं ओढायचं, डाव्याला बिचाऱ्याला काही माहीत नसतं. पण डावखुऱ्यांचं धनुष्य वेगळं असतं, आणि आमच्या ओळखीत ते एकाच माणसाकडे होतं. धाकटीकडे.

पाचव्या दिवशी तिच्या शेडवर गेले. ती दुकानांच्या पाट्या रंगवते. लांबलचक शेड, टर्पेंटाइनचा वास, आणि ती गुडघ्यावर बसून 'गाडी लावू नये' मधला 'नये' भरत होती. मी माफी मागायला गेले होते. वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. आणि तोंडातून निघालं काय? "तुझं धनुष्य देशील का?" तिथंही बोटं आधीच उघडली म्हणायची.

तिनं ब्रश थांबवला. "कशाला?"

"डाव्या हातानं शिकायचंय."

"तू? डाव्या हातानं?" ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, डोळे पुसले. मला राग आला, पण हसण्यासारखंच होतं ते. लहानपणी ती डाव्या हातानं लिहायची, आणि तो हात मोडून काढायचं काम आईनं माझ्यावर सोपवलं होतं. मी नऊ वर्षांची, ती सहाची. गृहपाठाला बसली की मी पट्टी घेऊन शेजारी. पेन्सिल डाव्या हातात गेली की फटका. नंतर नंतर मी नुसतं म्हणायचे, "हात!" की ती आपला डावा हात मांडीखाली घ्यायची आणि त्यावर बसून लिहायची. अजून ती पाट्या डाव्यानं रंगवते आणि सही उजव्यानं करते. सही अशी की बँकवाले दोनदा विचारतात.

"देते," ती म्हणाली. "पण इथंच ओढायचं, माझ्यासमोर. आणि मी 'सोड' म्हणेन तेव्हाच सोडायचं."

शेडच्या टोकाला तिनं गवताचा जाड गठ्ठा उभा केला. त्यावर कागद नाही, गोल नाही, काही नाही. पाच पावलांवर मी. माझ्या चष्म्याची उजवी काच तिनं कागद चिकटवून बंद केली, कारण डोळाही डावा वापरायचा होता. आरशात बघितलं तर मी समुद्री चाच्याच्या सासूसारखी दिसत होते. आणि तो डावा हात! पंचेचाळीस वर्षं फुकट खाल्लं त्यानं. दोरी धरायची कुठं, कोपर न्यायचं कुठं, काही पत्ता नाही.

"ओढ," ती म्हणायची. मी ओढायचे. "थांब." थांबायचे. दंड भरून यायचा. "उतरव." मी सावकाश दोरी परत न्यायचे.

रोज संध्याकाळी हेच. ओढ, थांब, उतरव. दहातून एखादा बाण सोडायला मिळायचा. तिसऱ्या आठवड्यात माझं डोकं सटकलं. "मी काय इथं व्यायामाला येते?"

"सोडता तुला येतंच, ताई," ती म्हणाली. "ते दुसरं शिकतेयस."

एक गोष्ट मला रोज दिसायची आणि मी न दिसल्यासारखं करायचे. मी धनुष्य घ्यायच्या आधी ती दाराला कडी लावायची. मग माझ्या मागे, भिंतीला पाठ टेकून उभी राहायची. कधी म्हणजे कधी माझ्या पुढे आली नाही. धनुष्य खुंटीला टांगलेलं असलं तरी गठ्ठ्यातले बाण काढायला तिनं पाऊल उचललं नाही. मीच जायचे, मीच आणायचे. जाताना वाटायचं, हिला विचारावं. येताना धीर व्हायचा नाही.

पाचव्या आठवड्यात तिनं पिवळ्या रंगाचा डबा उघडला. पांढऱ्या कागदावर बशीएवढा गोल भरला, वाळवला आणि गठ्ठ्यावर टाचला. "आज हा," म्हणाली.

मी ओढलं. पिवळा दिसला. आणि डाव्या हाताची बोटं, ती नवी कोरी, अडाणी बोटं, फाटकन उघडली. बाण गठ्ठ्याच्या वरून गेला आणि मागच्या पत्र्यावर असा आपटला की शेड दणाणली.

मी वळून बघितलं. ती भिंतीला चिकटली होती, चेहरा पांढराफटक. मी धनुष्य खुंटीला अडकवलं आणि खालीच बसले. धास्ती हातात नव्हतीच. ती माझ्यात होती, आणि माझ्याबरोबर उजवीकडून डावीकडे आली होती. आता कुठला तिसरा हात आणू? मी ढसाढसा रडले. पंचेचाळिसाव्या वर्षी, एका काचेवर कागद लावून.

बऱ्याच वेळानं ती शेजारी येऊन बसली. "मला अजून कुणी सही कर म्हटलं की डावा हात आपोआप मांडीखाली जातो," ती म्हणाली. "तुला आठवतं? पट्टी खाली यायच्या आधीच मी हात मागे घ्यायचे. मग पट्टी नसली तरी घ्यायला लागले. वर्गात बाई नुसत्या जवळून गेल्या तरी पेन्सिल खाली पडायची. तुझी बोटं तेच करतात. फटका बसणार म्हणून आधीच पळतात."

"मला कोण मारतंय?"

"चुकलीस की तूच मारतेस की स्वतःला. महिनाभर बघतेय. एवढासा बाण इकडे तिकडे गेला तर काय काय बोलतेस स्वतःला! लहानपणी माझ्याशी बोलायचीस, अगदी तसंच."

"चुकलं माझं," मी म्हणाले. "पट्टीचं चुकलं. तू सहा वर्षांची होतीस गं. आणि त्या बाणाचं..."

"बाणाचं नको," ती पटकन म्हणाली. "ते अजून नको बोलूस." आणि उठून कडी काढायला गेली.

उरलेले तीन आठवडे आम्ही रोज तो पिवळा गोल बघितला. ओढ, थांब, उतरव. बोटं उघडली तर ती फक्त म्हणायची, "बरं, दुसरा घे," आणि मलाही तेवढंच म्हणायला लावायची. मोठ्यानं. बाण वाकडा गेला, बरं, दुसरा घे. मला ते कवळीपेक्षा अवघड गेलं. शेवटच्या आठवड्यात विसातून एखादाच आपला आपण सुटत होता. पण सहात एकही सुटून चालणार नव्हतं.

चाचणीच्या दिवशी ती येणार नाही म्हणाली. मी एकटीच गेले. ड्रायव्हरकाकांनी मैदान रिकामं केलं होतं. ते माझ्या बाजूला, शिट्टी ओठात धरून. धनुष्य उचलताना सहज नजर गेली तर तारेच्या कुंपणाबाहेर धाकटी उभी. आत आली नाही.

पहिला बाण. ओढला, पिवळा दिसला, थांबले. एक शिट्टी. सोडला. टार्गेटच्या पांढऱ्या कडेला कसाबसा लागला. बरं, दुसरा घे. दुसऱ्याला दोन शिट्ट्या, उतरवला. तिसऱ्याला एक शिट्टी, आणि तो टार्गेट चुकवून गवतात गेला. चौथा उतरवला. पाचवा निळ्या पट्ट्यात.

सहावा ओढला. पिवळा आला. थांबले. शिट्टी नाही. अजून थांबले. शिट्टी नाही. दंड थरथरायला लागला, पिवळा वर खाली व्हायला लागला, आणि बोटांत ती ओळखीची वळवळ सुरू झाली. आता सुटणार. गेलं सगळं. कुणीतरी वाजवा हो! पण कुणी वाजवली नाही. मग मी दात आवळले, मनात म्हणाले, बरं, राहू दे हा, आणि दोरी इंचाइंचानं परत नेली. बाण काढला आणि भात्यात ठेवला.

"शिट्टी झाली नव्हती," मी म्हणाले. "मीच उतरवला."

काकांनी शिट्टी खिशात टाकली. "शिट्टीआधी सुटला तर कार्ड जाणार, असं म्हणालो होतो. सुटला का?"

"नाही."

"मग कार्ड ठेवा जपून. आणि बाण गोळा करा, मला कुलूप लावायचंय."

मी धनुष्य स्टँडला टांगलं. पुढे निघाले तेवढ्यात फाटक वाजलं.

"थांब, ताई," धाकटी म्हणाली. "मी आणते."

ती माझ्या अंगावरून पुढे गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. तीस मीटर गवतातून, माझ्याकडे पाठ करून, मागे वळून न बघता. टार्गेटमधले दोन बाण तिनं काढले आणि तिसरा शोधायला खाली वाकली. तो काही लवकर सापडेना.

मी स्टँडपासून लांब जाऊन बाकावर बसले. उजवा हात मांडीखाली घेतला. मग डावाही घेतला. ती सावकाश गवत चाचपत होती, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुसायला हात हवा होता, पण ती परत येईपर्यंत मी तो काढला नाही.