हळदीचं पाणी आणि लाल बोरिंग

हळद्या महाराजांच्या मांडवात त्या दिवशी अख्खा मोहटोला जमला होता. धानाची कापणी अर्धी टाकून माणसं आली होती. ज्यांचा कशावरच विश्वास नाही ते सगळ्यात पुढे होते. ते फक्त बघायला आले होते, म्हणून लवकर आले होते.

महाराज हिंदीत बोलत. आमच्याकडे हिंदीत बोलणाऱ्याची अर्धी विद्वत्ता आधीच मान्य होते.

"पानी झूठ नहीं बोलता," महाराज म्हणाले. "आदमी बोलता है, औरत तो बोलती ही है. पानी नहीं."

पाणी म्हणजे कटोऱ्यातलं हळदीचं पाणी. आधी 'शुद्धी', म्हणजे चिंचेच्या कोळानं हात धुवायचे. मग महाराज तळहातावर चिमूटभर पांढरी विभूती ठेवणार आणि तो हात कटोऱ्यात बुडवायचा. पाणी पिवळं राहिलं तर बाई निर्दोष. लाल झालं तर गावातल्या लेकरांचे पाय वाकवणारी तीच.

पाय खरोखरच वाकले होते. पोलीस पाटील बापूरावांचा नातू आयुष आठ वर्षांचा. गुडघे एकमेकांवर आपटत चालायचा आणि हसला की तपकिरी दात दिसायचे. त्याच्यासारखी आणखीही लेकरं होती. शोध बायकांतच घ्यायचा, हे महाराजांनी ठरवलं आणि पुरुषांना ते लगेच पटलं.

बायका एकेक करून गेल्या. पाणी पिवळंच राहिलं. मग मुलगा बाहेरगावी असल्यानं एकटी राहणारी विधवा अंजनाबाई पुढे आली. तिनं हात बुडवला आणि पाणी रक्तासारखं लाल झालं.

"माह्या हाताले काय झालं, बापा?" ती एवढंच म्हणाली.

नंतरचं सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं एवढंच, की तोच हात मनगटातून मोडला. मग तिला ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि सकाळी गावाच्या शिवेबाहेर घालवायचं ठरलं. असं काही घडलं तर ठाण्यात कळवणं पोलीस पाटलाचं काम. आणि पोलीस पाटील म्हणत होते, "नातवाचे पाय सरळ होत असन, तं बाई गेली तं जाऊ दे."

संशय अंजनाबाईवरच काऊन, याला कारण होतं. तिच्या दारासमोरची बोरिंग महिन्याभरापूर्वी लाल रंगवली गेली होती. रंगवली होती माधवीनं.

माधवी गावचीच पोरगी, बारावीनंतर घरी बसलेली. चंद्रपूरच्या एका संस्थेनं तिला फेलोशिप दिली होती. गावातल्याच माणसानं आपल्या गावातला प्रश्न अभ्यासायचा, अशी ती योजना. माधवीनं प्रश्न घेतला लेकरांच्या पायांचा. तिनं गावातल्या विहिरीचं आणि सगळ्या बोरिंगांचं पाणी शिशीत घेतलं, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले, रंग पाहिले. अंजनाबाईच्या दारची बोरिंग वाईट निघाली, तेव्हा तिला लाल रंग फासला आणि लोकांना सांगितलं, "इथलं पाणी पिऊ नका."

का, ते सांगितलं नाही. कारण संस्थेचा नियम असा, की अहवाल आधी चंद्रपूरला जायचा, तिथे जाणत्यांनी तो तपासायचा, मग गावात बैठक घ्यायची. ज्याचं पाणी त्याला सगळ्यात शेवटी सांगायचं, हा शास्त्रशुद्ध क्रम. पण गाव काही रिकामं बसत नाही. त्यानं कारण स्वतःच काढलं: लाल खूण बोरिंगवर नाही, समोरच्या घरावर आहे. महाराजांनी गावात शिरल्यावर आधी ती बोरिंग पाहिली, मग लाल रंग निवडला.

माधवी तो अहवाल द्यायलाच चंद्रपूरला गेली होती. बातमी कळताच दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं तालुक्याला, कुरखेड्याला उतरली, तिथून ठाण्याला फोन केला आणि थेट मांडवात आली. अंजनाबाईला घालवायला गाव पुन्हा तिथंच जमलं होतं.

"महाराज, आणखी एक हात पाहा," ती म्हणाली. "काकाजी, तुमचा."

बापूराव तेव्हाच तंबाखूत चुना मळून, चिमूट ओठात धरून बसले होते. "मी काऊन?"

"पाणी खोटं बोलत नाई म्हणते ना. मंग भ्याचं काऊन?"

"शुद्धी नहीं हुई!" महाराज गडबडीनं म्हणाले.

पण चारचौघांत भ्यालेला पोलीस पाटील कोण म्हणवून घेणार? बापूरावांनी हात बुडवला. बोटांभोवती लाल धार सुटली आणि बघता बघता कटोरा लाल झाला.



"आता सांगा काकाजी," माधवी म्हणाली, "आयुषचे पाय तुम्ही वाकवले का?"

बापूराव आपल्या हाताकडे बघत खाली बसले. बायकांमधून रिना हळूच बोलली, "हळद लागलेल्या लुगड्याले साबण लागला, का असंच लाल होते."

"मंग काल काऊन नाई बोलली व?" शेजारचीनं विचारलं.

"काल माहा नंबर यायचा होता."

माधवीनं त्या लाल पाण्यात चिंचेचा कोळ पिळला. पाणी पुन्हा पिवळं झालं. "झाले काकाजी निर्दोष. हळदीत चुना गेला का लाल, आंबट गेलं का पिवळं. म्हणून तं हे महाराज आधी चिंचेनं हात धुवायले लावते. नाई तं अर्धं गाव चेटूक करणारं निघालं असतं."

पोरांनी महाराजांच्या विभूतीच्या दोन्ही थैल्या ओतल्या. एकीत तांदळाचं पीठ, दुसरीत चुन्याची भुकटी. महाराज पहिल्यांदा मराठीत बोलले, "मी निंगतो आता." पण तोवर पोलिसांची गाडी आली होती.

गर्दी पांगताना एकानं विचारलं, "माधवे, तुह्या शिशीतही रंगच बदलते. मंग तू काऊन खरी?"

तिनं थेंबांची शिशी त्याच्याच हातात दिली. "घे, तूच टाक थेंब. विहिरीच्या पाण्यात टाक, बोरिंगच्या पाण्यात टाक. हात कोणाचाही असो, विहिरीचं पाणी गुलाबी राहीन आणि बोरिंगचं पिवळं पडन. खडकातलं फ्लोराइड आहे ते. लहानपणापासून पोटात गेलं का आधी दात खाते, मंग हाडं."

"मंग हे महिन्याआधी काऊन नाई सांगितलं?"

"अहवाल..." ती एवढंच म्हणाली आणि ग्रामपंचायतीच्या खोलीकडे वळली.

खोलीचं दार उघडलं तेव्हा अंजनाबाईचा मुलगा चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरहून मोटरसायकलवर येऊन पोचला होता. बापूराव हात जोडून पुढे झाले. "बाई, चूक झाली."

अंजनाबाईनं त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. "तुमच्या हाताचंही पाणी लाल झालं म्हणते. मंग तुमचा मोडला का कोणी?"

ती मुलामागे बसून गेली. परत आली नाही.

आयुषचे पाय आता आपोआप सरळ होणार नाहीत. त्याच्या पाठच्यांचे वाकू नयेत म्हणून गाव विहिरीचं पाणी पितं. तेव्हा वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं: कोणी रंग बदलून दाखवला, तर कशानं बदलला ते विचारा आणि स्वतःच्या हातानं करून बघा. करू दिलं नाही, तर उठून घरी या. आणि ज्याला खरं कारण ठाऊक आहे, त्यानं ते आधी गावाला सांगावं. कारण रिकामी जागा महाराजांना लांबून दिसते.

अंजनाबाईच्या घराला कुलूप आहे. समोरची बोरिंग अजून लालच आहे. माधवीनं आता बोरिंगच्या ओट्यावर मोठ्या अक्षरांत कारण लिहिलं आहे: 'दोष पाण्यात आहे. बाईत नाही.'