चादरीच्या अंगात लाइट

तुम्हाला हे पटणार नाही. लगेच पटलं, तर मलाच तुमची काळजी वाटेल. बसा त्या गाठोड्यावर. तुमच्या शर्टांना अजून इस्त्री व्हायची आहे, आणि आमच्या सूनबाईला घाई केलेली खपत नाही. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा उगवतो. बाकी घर आणि ही लॉन्ड्री आम्ही दोघंच सांभाळतो. म्हणजे ती सांभाळते, मी गिऱ्हाइकांशी बोलतो.

मी उभं आयुष्य विजेची मीटरं वाचली. दुसरं काही धड वाचलं नाही. एका घरात सासूबाई बोलायला लागल्या की मीटर थांबायचं आणि त्या दम घ्यायला थांबल्या की पळत सुटायचं. दुसऱ्या एका घरातलं मीटर मला बघून आकडे झाकून घ्यायचं. हे तुम्ही हवं तर सोडून द्या. पण माणसाच्या अंगात लाइट येते, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. कुणाच्या अंगात काय येतं, कुणाच्या काय. आमच्या गल्लीत आलेल्या एका बाबाच्या अंगात लाइट यायची. आणि आपण घरी म्हणतो तशीच: आली, गेली, परत आली.

"मामंजी, खरं तेवढंच सांगा," इस्त्रीच्या टेबलामागून सूनबाई म्हणाली.

"तेवढंच सांगतो. म्हणून तर कुणाला पटत नाही."

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीची विजेची बिलं एकाएकी फुगली. झालं, जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघायला लागला. बेकरीवाल्याला वाटायचं, वरच्या मजल्यावरचा शिंपी आपल्या तारेतून चोरून वीज घेतो. शिंपी रोज सुताराच्या भिंतीला कान लावून बसायचा. मला तर सगळ्यांचाच संशय, तो माझा धंदाच होता. अशा वेळी आला तारबाबा.

गळ्यात तांब्याच्या तारेचे वेढे, पायाखाली रबराची चटई, समोर पाण्याचा वाडगा. चौकात हीऽ गर्दी. बाबाने वाडग्यात बोटं बुडवली, डोळे मिटले आणि झोळीतून एक बल्ब काढला. ना तार, ना बटण. बाबाचं अंग थरथरलं आणि हातातला बल्ब लख्ख पेटला. बेकरीवाल्याची आई हात जोडून म्हणाली, "आली गं बाई, लाइट आली."

"ही तुमच्या खांबावरची वीज नव्हे," बाबा डोळे न उघडता म्हणाला. "खांबावरची वीज तहानलेली असते. घरातलं एखादं यंत्र पछाडलेलं असतं, ते ती ढोसत बसतं. तुम्ही मीटरला शिव्या घालता. मीटर बिचारं काय करेल? आत्म्याचं अर्थिंग सुटलंय, ताई. मनाचा व्होल्टेज खाली आलाय."

"माझा पण?" शिंप्याने विचारलं.

"तुझा तर कधीचा गेलाय."

लोक हसले, म्हणजे बाबाला मोकळं रान मिळालं. मग एकेक जण पुढे जायचा, बाबा कपाळावर हात ठेवायचा. हात असा गार आणि ओलसर की त्या उन्हात कपाळाला लागला की डोळे आपोआप मिटायचे. मी मात्र सगळ्यांच्या मागे, पाण्याच्या टाकीला टेकून उभा. स्वभावच संशयी, त्याला काय करणार.

दुसऱ्या दिवसापासून बाबा घरोघर बल्ब घेऊन फिरायला लागला. यंत्रासमोर बल्ब धरायचा. मोडक्या पंख्यासमोर बल्ब गप्प. चांगल्या चालत्या यंत्रासमोर मात्र भसकन पेटायचा. "हे पितंय," बाबा म्हणायचा. "माझ्या आश्रमात सोडा, मी ह्याची तहान भागवतो." बदल्यात एक शांतिपेटी मिळायची, साबणाच्या वडीएवढी. भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायची, हिरवा दिवा लागायचा की म्हणे वीज वाचते, बस्स. बेकरीवाल्याचा कणीक मळायचा मिक्सर गेला. सुताराचं रंधायंत्र गेलं. शिंप्याच्या मशीनची मोटर गेली आणि तो पायाने चालवत बसला, वर पेटीला नमस्कार करायचा.

मग बाबा आमच्याकडे आला. हे बघा, हे आमचं कपडे वाळवायचं यंत्र. समोरच्या दवाखान्याच्या चादरी सकाळी येतात, संध्याकाळपर्यंत वाळवून परत द्यायच्या. एक दिवस चुकला की दवाखाना दुसरीकडे जाणार, आणि दवाखाना गेला की ही लॉन्ड्री गेली. यंत्र तेव्हा चादरी वाळवायला दुप्पट वेळ घेत होतं, हे खरं. बाबाने बल्ब धरला, बल्ब पेटला. सूनबाई तेव्हा चादरी पोचवायला दवाखान्यात गेली होती. घरातल्या कुणीतरी "न्या" म्हणून टाकलं. कोण ते आता कशाला काढायचं.

ती परत आली तेव्हा ट्रक दारात होता आणि दोन माणसं यंत्राला दोर बांधत होती. अर्धी गल्ली बघायला जमली होती.

"हे काय चाललंय?"

"तुमच्या घरचा शब्द आहे, ताई," बाबा म्हणाला.

"माझा नाही. हे यंत्र गेलं तर उद्या मी चादरी कुठे वाळवू? तुमच्या आश्रमात?" तिने दोर धरून ठेवला. "पितंय म्हणता ना? मला दाखवा."

बाबाने दाखवलं. पेटला.

"द्या इकडे, मी धरते."

"झटका बसेल. ही लाइट पचवायला बारा वर्षं लागतात."

बाबाला पेटी खोचायची होती, म्हणून दोन्ही हात मोकळे हवे होते. त्याने बल्ब शेजारच्या टोपलीत ठेवला. टोपलीत काय, तर धुऊन नुकत्याच काढलेल्या ओल्या चादरी. बाबाची पाठ वळली आणि टोपलीतला बल्ब लख्ख पेटला.

सगळी गल्ली टोपलीवर वाकली. बेकरीवाल्याची आई म्हणाली, "बाबा, चादरीच्या अंगात आली."

सूनबाईने बल्ब उचलला. तिचे हात काय, कायमचे ओले. बल्ब तिच्या हातातही पेटला. तिने तो बेकरीवाल्याकडे दिला. त्याचे हात पिठाने कोरडे, बल्ब विझला. तिने त्याच्या हातावर तांब्यातलं पाणी ओतलं आणि बल्ब पुन्हा पेटला.

बाबा सावरून म्हणाला, "ताई, तुमच्यात शक्ती आहे. आमच्या शिष्या व्हा."

"आणि चादरीचं काय करणार? तिलाही माळ घालणार?"

तेवढ्यात तिने बल्बाचा पांढरा घुमट पिरगाळून उघडलासुद्धा. आत बोटाएवढी बॅटरी. दुकानात मिळतात असे बल्ब, लाइट गेली तरी जळणारे. बल्बाच्या बुडाशी दोन ठिपके असतात. दोन्ही ठिपक्यांना एकाच वेळी ओलं बोट टेकलं की आतल्या बॅटरीचा रस्ता जुळतो आणि बल्ब पेटतो. वाडगा त्यासाठीच होता. जिथे पेटायला नको, तिथे बाबा बल्ब वरच्या घुमटाला धरायचा. जिथे यंत्र चांगलं, तिथे बोट खाली सरकवायचा. बारा वर्षांची तपश्चर्या ती एवढी.

सुताराने शांतिपेटी पटाशीने फोडली. आत मूठभर वाळू, वजनासाठी, आणि तो हिरवा दिवा. म्हणजे वीज वाचवणारी पेटी दिवसरात्र वीज खात होती. बाबा पाण्याचा वाडगा तिथेच टाकून चटईसकट पसार झाला. आधी नेलेली यंत्रंही त्याने भाड्याने घेतलेल्या त्याच ट्रकमधून घरी परत आली. ट्रकवाला भला माणूस. म्हणाला, "मला वाटलं दुरुस्तीला चाललीत."

"आणि यंत्राला वेळ का लागत होता, ते सांगा की," सूनबाई म्हणाली. "ते नेहमी गाळता."

सांगतो. तिने यंत्राची मागची बाजू उघडली. गरम हवा बाहेर जायचा नळा कपड्यांच्या मऊ केरानं गच्च बसला होता, एक उशी भरेल एवढा केर. दमट हवेला वाट नाही, मग चादर वाळणार कशी? यंत्र तापतंय, वीज जातेय, पाणी चादरीतच. नळा साफ केला आणि पूर्वीच्या वेळात चादरी वाळायला लागल्या. मग तिने घरातलं सगळं बंद करून मीटर बघितलं. एकेक यंत्र चालू करायचं आणि मीटरवरचा लाल ठिपका किती भराभर लुकलुकतो ते मोजायचं. फ्रिजपाशी आल्यावर कळलं, दाराचं रबर फाटलंय, गारवा सगळा बाहेर. तिचं बघून गल्लीतले सगळे आपापल्या मीटरसमोर उभे. बेकरीवाल्याच्या भट्टीचं दार नीट लागत नव्हतं आणि सुताराचं यंत्र तो जेवायला गेला तरी गुरगुरत राहायचं. शिंप्याने कुणाची वीज चोरली नव्हती, हे ऐकून त्यालाच बरं वाटलं.

म्हणून सांगतो, कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कार करण्याआधी हात पुढे करा. म्हणा, द्या माझ्या हातात. खरा असेल तर तुमच्या हातातही टिकेल. द्यायला का कू केली तर समजा, गोम त्या हातातच आहे. वीज कुठे जाते ते कुणाच्या अंगातून कळत नाही. एकेक बटण दाबून, मीटर बघून, यंत्र उघडून कळतं. मी तर टाकीला टेकून पहिल्या दिवशीच सगळं ओळखलं होतं. ओल्या चादरींची टोपली पुढे सरकव, ही खूण सूनबाईला मीच केली.

इस्त्री थांबली.

"मामंजी, तुम्ही टाकीपाशी होतात ना? सगळ्यांच्या मागे?"

"अगदी मागे."

"मग बाबाचा हात कपाळाला गार लागतो, हे तुम्हाला कसं कळलं? आणि घरात आपण दोघंच, मामंजी. यंत्र न्या, असं मी तरी म्हटलं नव्हतं."